पंखाच्या दोन बाजू

वास आधी सांगते.
पंखाच्या कापडावर चढवायच्या लेपाचा वास,
पोयांग तळ्याकाठी टोपलीत राहून गेलेल्या
नासपतींसारखा, गोड आणि बिघडलेला.
अजून शेजारी कुणी नखं रंगवायला बसलं
की मी काम टाकून आकाशाकडे बघते.

त्या साली मी एकोणीस वर्षांची.
नानचांगचा तळ, तिसरी शेड.
बाप शिडं शिवायचा, म्हणून मला घेतलं.
"शीड काय नि पंख काय," मियाव मिस्त्री म्हणाला,
"दोघांनाही वाराच धरायचा असतो."
मग बिडी विझवून,
"शिडाला गोळ्या लागत नाहीत, एवढंच."

हॉक जातीचं विमान, पंख दुमजली,
वरचा मोठा, खालचा आखूड, मधे तारा.
चाकं पोटात घ्यायला वैमानिकानं हातानं दांडा फिरवायचा,
विहिरीवर रहाट ओढावा तसा,
आणि तेवढा वेळ विमान हवेत किंचित डुलायचं,
घागर डोक्यावर घेऊन चाललेल्या बाईसारखं.

त्यांची विमानं धातूची. एकच पंख, चकचकीत.
आमची कापडाची.
हे मी कुणाजवळ बोलले नाही,
पण कापड किती टिकतं
ते सुई हातात असलेल्या बाईला
कुणी सांगावं लागत नाही.

पंख घोड्यांवर उभा करायचा.
एका बाजूला मी, पलीकडे यू पेइझेन.
वीतभर लांब सुई मी आत खुपसायची,
फासळीला वळसा घालून ती तिकडे निघायची,
पेइझेन दोरा ताणायची, सुई परत पाठवायची.
दिवसदिवस मला तिचा चेहरा दिसत नसे.
सुई कशी येते त्यावरून कळे
ती आज कशी आहे.

क्वाँग शुनयाव संध्याकाळी यायचा
कलिंगडाच्या भाजलेल्या बिया घेऊन.
"आज किती?"
"एकतीस."
"काल तेहतीस होती. मी सुधारतोय."
एकदा म्हणाला,
"डावीकडच्या एका ठिगळाला वर गेल्यावर शिट्टी येते.
नीट करू नका. सोबत होते."
हे तो माझ्याकडे बघून बोलला,
पण जरा मोठ्यानं,
पंखापलीकडे ऐकू जावं इतपत.

बाराव्या महिन्यात पाच विमानं गेली.
तीन आली.
मियावनं धावपट्टीवरचे कंदील
नेहमीपेक्षा तासभर जास्त जळू दिले,
तेलाचा हिशेब कुणी विचारला नाही.

पुढच्या पंधरवड्यात एक शेतकरीण आली
कावडीच्या एका बाजूला इंजिनाचा तुकडा,
दुसऱ्या बाजूला तोल साधायला रताळी.
"आमच्या भातखाचरात पडलं. माणूस आम्ही पुरला.
टेकडीवर, पाणी चढत नाही तिथे."
सोबत पाचेक वर्षांचा मुलगा.
अंगात हिरवट जाकीट, ताठ,
हात हलवला की कडकड वाजणारं.

बाहीवर माझं ठिगळ होतं.
दर सातव्या टाक्याला दुहेरी गाठ,
ही माझ्या बापाची खोड,
आख्ख्या तळावर दुसऱ्या कुणाची नाही.

नियम असा की सापडलेला चिंधीएवढा तुकडाही
वहीत चढवून जमा करायचा.
मियावनं टाक शाईत बुडवला.
"आणखी काही?"
मी पेइझेनकडे बघितलं.
पेइझेन म्हणाली, "रताळी."
म्हातारा थोडा वेळ टाक धरून बसला
आणि त्यानं ओळीखाली रेघ ओढली.

बाही काखेत उसवली होती.
मी पोराला जवळ ओढलं, चार टाके घातले.
त्याच्या मानेला नासपतींचा वास येत होता.
सोडलं तसं ते कंपाउंडच्या दिशेनं पळालं,
मी कान देऊन ऐकत राहिले.
नुसती कडकड.

दुपारी दुसरा पंख आला. भोकं चोवीस.
मी सुई आत घातली.
पलीकडे दोरा ताणला गेला नाही.
मी थांबले. बाहेर कुणीतरी इंजिन तापवत होतं.
बऱ्याच वेळानं सुई परत आली,
गरम,
मुठीत धरून ठेवलेली.